उतारा कशाचा? सीरममधील सिरॅमिक नॅनोकणांच्या मोजमापाचे एक परीक्षण

१

साखरेच्या धंद्यात ‘उतारा’ या शब्दाला जे निश्चित स्थान आहे, ते प्रयोगशाळेच्या परिभाषेत त्याला अद्याप लाभलेले नाही. नातेपुते आणि माळशिरस तालुक्यातील आसपासची गावे येथील शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर या भागात ऊस उभा राहिला; माळीनगर व श्रीपूर येथील कारखाने १९३० नंतरच्या दशकात निघाले; पुढे नातेपुत्याजवळ सदाशिवनगर येथे सहकारी कारखाना झाला. शंभर किलो उसातून जितके किलो साखर हाती येते तो उतारा, आणि उसाचा भाव त्यावर ठरतो. २०२४-२५ च्या गाळप हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उतारा हा पाया धरून क्विंटलला ३४० रुपये दर ठरविला, आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ३२ पैसे अधिक द्यावयाचे ठरविले. एक दशांश टक्का म्हणजे टनामागे ३३ रुपये २० पैसे झाले. साहजिकच येथे ‘उतारा किती’ एवढ्यावर कोणी थांबत नाही. ऊस कोणत्या काट्यावर तोलला, साखर कशी मोजली, आणि उसात असलेली जी साखर पोत्यात आली नाही ती कोठे गेली, हे प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतातच.

प्रस्तुत परीक्षणात हेच प्रश्न एका अगदी निराळ्या क्षेत्रातील उताऱ्याला विचारावयाचे आहेत. कृत्रिम सांध्याच्या झिजेतून निघालेले सिरॅमिकचे नॅनोकण सीरममध्ये मिसळलेले असतात. ते त्यातून परत काढण्याची रीत कितपत यशस्वी झाली, हे टक्केवारीत सांगण्याची प्रथा आहे. ही टक्केवारी म्हणजे त्या रीतीचा उतारा होय. तो आकडा चांगला असला की रीत चांगली, असे समजले जाते. आमच्या मते हा आकडा एकटा उभा राहू शकत नाही. त्याच्यामागे पूर्ण हिशेब नसेल, तर तो वाचकाला आश्वासन देतो, पण माहिती देत नाही.

२

विषय थोडा विस्ताराने मांडणे अवश्य आहे. खुब्याचा सांधा पूर्णपणे बदलण्याच्या शस्त्रक्रियेला आजचे रूप आले ते इंग्लंडमधील जॉन चार्नली यांच्या कार्यामुळे. १९६२ मध्ये त्यांनी धातूचा गोळा व पॉलिएथिलीनची वाटी अशी जोडी वापरावयास आरंभ केला. ही जोडी टिकाऊ ठरली. परंतु वाटीच्या झिजेतून निघालेल्या कणांमुळे सांध्याभोवतीचे हाड विरघळू लागते, असे पुढे दिसून आले. शरीरातील भक्षक पेशी हे कण गिळतात, पण त्यांचे पचन करू शकत नाहीत. त्यातून जी दाहक्रिया सुरू होते, तिचा शेवट हाडाच्या झिजेत आणि सांधा सैल होण्यात होतो. पॉलिएथिलीनच्या बाबतीत ०.१ ते १ मायक्रोमीटर आकाराचे कण या पेशींना विशेष चेतवितात, असे आढळले. येथे एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. अपाय किती झाला हे केवळ झिजेच्या एकूण परिमाणावरून सांगता येत नाही. कणांचा आकार आणि त्यांची संख्याही पाहावी लागते.

झीज कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे कठीण पृष्ठावर कठीण पृष्ठ. फ्रान्समध्ये पियेर बूतँ यांनी १९७० मध्ये ॲल्युमिनाचा गोळा व ॲल्युमिनाचीच वाटी बसविली. त्यानंतर झिर्कोनिया, ॲल्युमिना व झिर्कोनिया यांचे मिश्रण, आणि अलीकडे सिलिकॉन नायट्राइड, अशी ही परंपरा पुढे गेली. या सांध्यांची झीज फारच थोडी असते आणि हा त्यांचा निर्विवाद गुण आहे. मात्र जी थोडी झीज होते, तिचे कण अतिशय बारीक असतात. ॲल्युमिनाचे सांधे बसविलेल्या रुग्णांच्या ऊतींची तपासणी हॅटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना कणांचे दोन गट आढळले: एक ५ ते ९० नॅनोमीटर आकाराचा, आणि दुसरा मायक्रोमीटरच्या घरात जाणारा. पहिला गट दिसण्यासाठी पारगामी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरावा लागला. ज्या साधनाने पाहावे त्यानुसार कणांचे चित्र बदलते, हा या निबंधाचा फार मोलाचा धडा होता.

नवा सांधा माणसात बसविण्यापूर्वी तो सिम्युलेटर नावाच्या यंत्रात चालवून पाहतात. यंत्र माणसाच्या चालीप्रमाणे सांध्याला भार देते व फिरविते, आणि वंगण म्हणून वासराच्या रक्ताचे सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारा पिवळसर द्रव, पाणी घालून वापरतात. दहा लाख आवर्तने म्हणजे सर्वसाधारण माणसाचे सुमारे एका वर्षाचे चालणे, असा संकेत आहे. आमच्याकडील वाचकाला या संकेताचा अंदाज निराळ्या रीतीने येईल. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा मुक्काम नातेपुत्याला पडतो. आळंदीपासून पंढरपूरपर्यंतचे सुमारे २५० किलोमीटर अंतर चालणाऱ्या वारकऱ्याच्या प्रत्येक खुब्याची, दोन पावलांचे अंतर सव्वा मीटर धरल्यास, सुमारे दोन लाख आवर्तने होतात. यंत्राच्या हिशेबाने वर्षाचा पाचवा हिस्सा तीन आठवड्यांच्या आत संपतो. शिवाय उकिडवे बसणे, मांडी घालणे या हालचाली यंत्राच्या प्रमाणित चालीत नाहीत. तेव्हा यंत्रातून निघालेल्या कणांचा हिशेब नेमका असणे ही आपल्याही गरजेची गोष्ट आहे.

आता अडचणीचे प्रमाण पाहू. समजा, सिरॅमिक सांध्याची झीज दहा लाख आवर्तनांमागे ०.०५ घनमिलिमीटर आहे. ॲल्युमिनाची घनता ३.९५ च्या आसपास असल्याने हे वजन सुमारे ०.२ मिलिग्रॅम होते. सीरम दर पाच लाख आवर्तनांनंतर बदलले, तर एका वेळच्या वंगणात ०.१ मिलिग्रॅम कण असतील. वंगण अर्धा लिटर आणि त्यात लिटरला ३० ग्रॅम प्रथिने धरली, तर प्रथिनांचे वजन १५ ग्रॅम. म्हणजे एक भाग कण आणि दीड लाख भाग प्रथिने. दीड लाख पोत्यांच्या गोदामातून एका पोत्याइतका माल वेचून काढावयाचा, आणि तोही सगळ्या पोत्यांत धुळीसारखा विखुरलेला, असे हे काम आहे.

३

या कामाची एक नवी रीत लीड्स विद्यापीठातील लाल, हॉल आणि टिपर यांनी २०१६ मध्ये ‘ॲक्टा बायोमटेरिआलिया’ या नियतकालिकात मांडली. आमच्या विवेचनाला निमित्त हा निबंध आहे, म्हणून त्याच्या गुणांची नोंद प्रथम करणे न्याय्य होईल.

रीतीचे मुख्य टप्पे दोन. पहिल्या टप्प्यात एंझाइमच्या साहाय्याने सीरममधील प्रथिनांचे पचन करावयाचे. दुसऱ्या टप्प्यात सोडियम पॉलिटंगस्टेट या जड क्षाराच्या द्रावणाचे, घनता चढत जाणारे थर नळीत रचून, ती नळी अतिवेगी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावयाची. प्रथिनांची घनता १.३५ च्या सुमारास असते. ती व त्यांचे अवशेष वरच राहतात आणि जड कण खाली जातात. सोडियम पॉलिटंगस्टेटचे द्रावण ३.१ पर्यंत घनतेचे करता येते, ते पाण्यात विरघळते आणि हाताळण्यास सोपे असते; म्हणून ही निवड सयुक्तिक आहे. ८० टक्क्यांहून अधिक कण परत मिळतात, आणि या सर्व प्रक्रियेत त्यांचा आकार व घडण बदलत नाही, असा लेखकांचा निष्कर्ष आहे. प्रयोगशाळेत नोंदल्या गेलेल्या अत्यल्प झिजेच्या पातळीवरही ही रीत चालते, असेही त्यांनी दाखविले.

हे काम महत्त्वाचे कां, हे कळण्यास एका मानकाकडे पाहणे पुरेसे आहे. झिजेचे कण वेगळे काढण्याविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १७८५३ याच्या २०११ च्या आवृत्तीचे शीर्षकच ‘पॉलिमर व धातूंचे कण’ असे आहे. सिरॅमिकचा त्यात उल्लेख नाही. जुन्या रीतींमध्ये तीव्र अल्कली किंवा आम्ल वापरल्याने कणांचे पृष्ठ खराब होण्याची भीती असे. एंझाइमचा सौम्य मार्ग आणि जड द्रावणाची जोड यांनी ती पोकळी बरीचशी भरून निघाली, आणि आकार बदलतो की नाही हे तपासून लेखकांनी एका आवश्यक प्रश्नाचे उत्तर दिले.

तरीही ‘८० टक्क्यांहून अधिक’ असा आकडा एकदा छापला गेला की तो आपल्या अटी मागे ठेवून एकटाच प्रवास करू लागतो. पुढील अभ्यासक तो उद्धृत करतो, उद्योजक तो माहितीपत्रकात घालतो, आणि काही काळाने तो त्या रीतीचा अंगभूत गुण समजला जातो. आमचे आक्षेप या प्रवासाविषयी आहेत. ते केवळ या एका निबंधाला लागू नाहीत. या जातीच्या प्रत्येक मोजमापाला लागू आहेत.

४

पहिला प्रश्न: टक्के कशाचे? वजनाचे, संख्येचे, की पृष्ठफळाचे?

एक सोपे उदाहरण घेऊ. समजा, नमुन्यात दोनच आकारांचे कण आहेत: २५ नॅनोमीटर व्यासाचे व २५० नॅनोमीटर व्यासाचे. घनफळ व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते, म्हणून मोठा एक कण वजनात लहान हजार कणांबरोबर असतो. एकूण वजनाचे १०० भाग केले, आणि त्यांपैकी ९० भाग मोठ्या कणांचे व १० भाग लहान कणांचे असले, तर प्रत्येक ९० मोठ्या कणांमागे लहान कण १०,००० असतील. आता अशी कल्पना करा की रीतीने सर्व मोठे कण परत दिले आणि सर्व लहान कण गमावले. वजनाने उतारा ९० टक्के येईल. तो उत्तम म्हणावा लागेल. पृष्ठफळाने हिशेब केला, तर मोठ्या कणाचे पृष्ठ लहानाच्या शंभर पट असल्यामुळे उतारा सुमारे ४७ टक्के येईल. संख्येने मोजला, तर तो एक टक्काही भरणार नाही.

एकाच नळीतील एकाच मालाचे हे तीन उतारे आहेत, आणि तिन्ही खरे आहेत. त्यांतील कोणता घ्यावयाचा हे कशासाठी मोजतो त्यावर अवलंबून राहील. सांध्याची एकूण झीज किती हे जाणावयाचे असेल, तर वजनाचा उतारा पुरे. परंतु कण वेगळे काढण्याचा खटाटोप मुळात झीज मोजण्यासाठी नसतो. ती गोळ्याचे वजन करून किंवा पृष्ठाचे मापन करूनही काढता येते. कण वेगळे काढावयाचे ते त्यांचे आकारमान जाणण्यासाठी आणि पेशींवर त्यांचा परिणाम पाहण्यासाठी. पेशीचा संबंध येतो तो कणांच्या संख्येशी व पृष्ठाशी. ज्या कामासाठी संख्या व पृष्ठ पाहिजे, त्या कामाच्या रीतीची परीक्षा वजनाने करणे म्हणजे सोने मापाने विकण्यासारखे आहे.

मागील गणितातील ०.१ मिलिग्रॅम ॲल्युमिनाला हेच प्रमाण लावून पाहा. वजनातील दहा टक्के घट म्हणजे ०.०१ मिलिग्रॅम, चांगल्या तराजूलाही तो फरक जाणवणे कठीण. पण ते वजन २५ नॅनोमीटरच्या कणांचे असेल, तर त्यांची संख्या सुमारे ३०० अब्ज होते. तराजूच्या दृष्टीने जे नगण्य, ते पेशीच्या दृष्टीने नगण्य असेलच असे नाही.

५

यावर कोणी म्हणेल, की लहान कणच अधिक हरवतील असे कां मानावे? घट सर्व आकारांत सारखी वाटली गेली, तर तिन्ही उतारे एकच येतील. हा आक्षेप योग्य आहे. परंतु घट सारखी वाटली जाऊ नये, अशी दोन सबळ भौतिक कारणे या रीतीच्या स्वरूपातच आहेत.

पहिले कारण बुडण्याच्या वेगाचे. इतर परिस्थिती समान असता द्रवात कण खाली जाण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. २५ नॅनोमीटरचा कण २५० नॅनोमीटरच्या कणापेक्षा शंभर पट सावकाश खाली जाईल. मोठ्या कणाला जो अर्धा तास पुरतो, त्या जागी लहानाला पन्नास तास लागतील. सेंट्रिफ्यूज केव्हा थांबविला यावर लहान कणांचे भवितव्य ठरते.

दुसरे कारण प्रथिनांच्या लेपाचे आहे, आणि ते अधिक सूक्ष्म आहे. सीरममध्ये पडलेला कण उघडा राहत नाही. त्याच्यावर प्रथिनांचा थर चढतो. पचन अपुरे राहिले आणि ५ नॅनोमीटर जाडीचा थर कणावर शिल्लक राहिला, असे धरू. २५० नॅनोमीटरच्या ॲल्युमिना-कणाची घनता त्यामुळे ३.९५ वरून सुमारे ३.६६ वर येईल, फरक किरकोळ. परंतु २५ नॅनोमीटरच्या कणाचा एकूण व्यास आता ३५ झाला, आणि त्याच्या घनफळात मूळ कणाचा वाटा केवळ ३६ टक्के उरला. त्याची घनता २.३० च्या आसपास येते. सिलिकॉन नायट्राइडची मूळ घनता ३.२ धरल्यास मोठ्या कणाची घनता २.९९ आणि लहानाची २.०२ होईल. नळीतील खालच्या थराची घनता २.५ असली, तर मोठे कण त्यातून पार जातील आणि लहान कण वरच तरंगत राहतील. तेथे सेंट्रिफ्यूज कितीही वेळ फिरविला तरी उपयोग नाही, कारण प्रश्न वेगाचा नसून घनतेचा आहे.

म्हणजे पचन पूर्ण होणे ही या रीतीची किल्ली आहे, आणि पचन अपुरे राहिल्यास त्याचा दंड प्रामुख्याने सर्वांत लहान कणांना बसतो. वजनाच्या उताऱ्यात हा दंड दिसत नाही. परत मिळालेल्या कणांचा आकार बदलला नाही, या निरीक्षणानेही त्याचे पूर्ण निराकरण होत नाही. हाती आलेले कण पाहून न आलेल्यांविषयी बोलता येत नाही. त्यासाठी मूळ आणि परत मिळालेल्या कणांची आकारवारी संख्येनुसार शेजारी शेजारी मांडावी लागते, आणि ती लहान टोकापर्यंत दिसेल अशा सूक्ष्मदर्शकाने काढलेली असावी लागते.

६

दुसरा प्रश्न: काट्यावर नेमके काय चढले?

साखर कारखान्याचा रसायनज्ञ उतारा सांगून थांबत नाही. उसातून आलेल्या साखरेचा ताळेबंद तो मांडतो: इतकी पोत्यात आली, इतकी बगॅसमध्ये गेली, इतकी गाळाच्या पेंडीत, इतकी मळीत, आणि या सर्वांची बेरीज करून जी उरते ती हिशेब न लागलेली तूट. या शेवटच्या रकान्यावर त्याचे विशेष लक्ष असते. तूट वाढली तर कोठे तरी गळती आहे किंवा मापात चूक आहे. ती उणे आली, म्हणजे आत गेलेल्यापेक्षा बाहेर अधिक आले, तर कारखान्याने साखर निर्माण केली असे कोणी म्हणत नाही. कोठले तरी माप चुकले, असेच म्हणतात. उतारा वाढण्याचा एक मार्ग साखर वाढविण्याचा आहे, आणि दुसरा ऊस कमी तोलण्याचा, हेही येथील शेतकऱ्याला चांगले ठाऊक आहे.

नॅनोकणांच्या उताऱ्यात हेच दोन्ही धोके आहेत. अंशाच्या बाजूला, म्हणजे परत मिळालेल्या मालात, न पचलेली प्रथिने, धुण्यातून राहिलेला पॉलिटंगस्टेट क्षार आणि काचेच्या भांड्यांतून किंवा हवेतून आलेली धूळ यांचे वजन कणांच्या वजनात मिसळू शकते. सिलिकॉन व ॲल्युमिनियम ही काचेत व मातीत सर्वत्र असणारी मूलद्रव्ये. त्यामुळे रासायनिक परीक्षाही येथे सहज फसते. छेदाच्या बाजूला, आरंभी ‘घातलेली’ मात्रा ही खरोखर सीरममध्ये पोहोचलेली मात्रा असतेच असे नाही. काही कण पिपेटला व नळीच्या भिंतींना चिकटून राहतात. वीस भाग कण हरवले आणि दहा भाग परका माल आला, तर काटा ९० टक्के दाखवील. दोन चुका परस्परांना झाकतात, आणि उतारा सुधारल्यासारखा दिसतो.

हा भेद रसायनशास्त्रात नवा नाही. आययूपीएसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९९९ मध्ये उताऱ्याच्या वापराविषयी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली, आणि २००२ मध्ये ‘उतारा’ व ‘भासमान उतारा’ या दोन संज्ञा स्पष्टपणे वेगळ्या केल्या. पदार्थ वेगळा काढण्याच्या टप्प्यातून जो अंश खरोखर हाती येतो तो उतारा. आणि शेवटच्या मापनाने आलेला आकडा ज्ञात आकड्याशी ताडून जे गुणोत्तर मिळते तो भासमान उतारा. वजनावरून काढलेला आकडा, परक्या मालाची वजावट होईपर्यंत, दुसऱ्या प्रकारचाच राहतो. कणांच्या अभ्यासकांनी ही शिस्त अंगीकारली, तर बराच गोंधळ टळेल.

७

तिसरा प्रश्न: एका मालावर काढलेला उतारा दुसऱ्या मालाला लावावा काय?

चाचणीत बाजारातून घेतलेली सिरॅमिकची पूड ज्ञात प्रमाणात सीरममध्ये मिसळतात. तिचे कण एका जातीचे, स्वच्छ आणि सीरमशी काही वेळच संबंध आलेले असतात. सिम्युलेटरमधील कण घर्षणात जन्मतात, जन्मताच प्रथिनांत लडबडतात, आणि लक्षावधी आवर्तने उष्णता व घर्षण सोसलेल्या, काही अंशी गोठलेल्या प्रथिनांच्या गुठळ्यांत अडकून बसतात. पहिल्या प्रकारच्या कणांचा उतारा दुसऱ्याला लावावयाचा, तर दोघांचे वर्तन सारखे असते हे आधी दाखविले पाहिजे. मात्रेच्या बाबतीतही तेच. भिंतीला चिकटून जाणारा माल साधारणतः ठरावीक असतो. मात्रा मोठी असता तो नगण्य ठरतो, आणि मात्रा लहान असता तोच मालाचा मोठा हिस्सा होतो. म्हणून उतारा एका मात्रेवर न काढता चढत्या-उतरत्या अनेक मात्रांवर काढावयास पाहिजे. लीड्सच्या लेखकांनी अत्यल्प झिजेच्या पातळीकडे लक्ष दिले, हे या दृष्टीने योग्य पाऊल होय.

हा प्रश्न किती व्यावहारिक आहे, हे उसाच्या उदाहरणावरूनच दिसते. भाव देताना मागील हंगामाचा उतारा धरावा की चालू हंगामाचा, या वादात महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये काढलेला निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. कोणत्या मालाचा उतारा कोणत्या मालाला लावावयाचा, याचा निवाडा करण्यासाठी न्यायालयापर्यंत जावे लागले. प्रयोगशाळेत असा प्रश्न विचारणारे कोणी दाराशी उभे नसते. तो संशोधकाने स्वतःच विचारावयाचा असतो.

८

या सर्व काटेकोरपणाची खरोखर आवश्यकता आहे काय, असे एखाद्याला वाटेल. सिरॅमिकचे सांधे आज पुष्कळ रुग्णांत उत्तम काम देत आहेत, आणि या लेखाचा हेतू त्यांच्याविषयी भय निर्माण करण्याचा नाही. परंतु जवळचाच एक अनुभव विसरता येत नाही. धातूवर धातू या सांध्यांचे समर्थन करताना एके काळी असेच सांगितले गेले, की त्यांची झीज पॉलिएथिलीनच्या मानाने फार थोडी आहे. घनफळाने ते खरे होते. परंतु त्यांचे कण नॅनोमीटरच्या घरातील असल्याने संख्येने ते पॉलिएथिलीनच्या कणांहून कितीतरी अधिक होते. डीप्यू कंपनीने आपला एएसआर हा धातूचा सांधा २०१० मध्ये जगभरातून परत मागविला. त्याच्या अपयशात वाटीच्या रचनेचाही भाग होता. तरी सांध्याभोवतीच्या ऊतींना झालेल्या अपायात धातूच्या कणांचा व आयनांचा वाटा होताच. भारतात हा सांधा हजारो रुग्णांना बसविला गेला होता. केंद्र सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि २०१८ मध्ये रुग्णांसाठी ३० लाखांपासून १ कोटी २३ लाख रुपयांपर्यंत भरपाईचे सूत्र ठरविले. घनफळाचा आकडा लहान होता. किंमत लहान नव्हती.

सिरॅमिक धातूप्रमाणे आयन सोडत नाही, हा मोठा फरक ध्यानात ठेवूनही या अनुभवाचा पद्धतीविषयीचा बोध कायम राहतो. ‘थोडे’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी ‘कोणत्या मापाने थोडे’ हे सांगितले पाहिजे. आणि जो उतारा सर्वांत लहान कण गमावूनही भरघोस दिसू शकतो, त्याच्या आधारावर ‘कण थोडे आहेत’ असे सांगणे हे तर दुप्पट धोक्याचे आहे.

९

टीकाकाराने केवळ उणे दाखवून थांबू नये, म्हणून आमच्या अपेक्षा थोडक्यात नोंदवितो. उतारा सांगताना तो वजनाने, संख्येने व पृष्ठाने, किंवा निदान आकाराच्या गटांनुसार सांगावा. ज्यात कण घातलेलेच नाहीत असे कोरे सीरम त्याच सर्व टप्प्यांतून न्यावे, आणि त्यातून जे ‘कण’ निघतील त्यांचे वजन वजा करावे. नळीचे वरचे थर, धुवणाचे पाणी आणि भांड्यांच्या भिंती यांतील माल शोधून ताळेबंद मांडावा, आणि हिशेब न लागलेली तूट निराळी छापावी. चाचणी अनेक मात्रांवर घ्यावी, आणि निदान एकदा तरी सिम्युलेटरमध्ये वापरलेल्या, जुन्या झालेल्या सीरमवर घ्यावी.

तुटीचा माग काढण्यास निसर्गाने एक सोय करून ठेवली आहे, तिचाही उपयोग व्हावा. वैद्यकीय झिर्कोनियात बहुधा यिट्रियम मिसळलेले असते, आणि झिर्कोनियमबरोबर हाफ्नियमही थोडेफार असतेच. ही मूलद्रव्ये सीरममध्ये जवळजवळ नसतात. त्यामुळे मूलद्रव्यांचे अत्यल्प प्रमाण मोजणाऱ्या उपकरणाने प्रत्येक थरातील कणांचा ठावठिकाणा प्रथिनांच्या वजनाने न फसता लावता येईल. मात्र झिर्कोनिया सहजासहजी विरघळत नाही, म्हणून आधी तो पूर्णपणे द्रावणात आणण्याची तजवीज करावी लागेल. ॲल्युमिनासाठी असा सोयीचा खुणेचा पदार्थ मुद्दाम घालावा लागेल. तो उद्योग कष्टाचा असला तरी अशक्य नाही.

यांतील कोणतीही अपेक्षा अवाजवी आहे असे वाटत नाही. साखरेच्या कारखान्यात, चोवीस तास चालणाऱ्या चरकाशेजारी बसून, एक रसायनज्ञ असा ताळेबंद रोज मांडतो. आणि तो चुकीचा असल्यास जाब विचारणारा ऊस-उत्पादक गावात असतो. सांधा बसविलेला रुग्ण असा जाब विचारू शकत नाही, कारण आपल्या शरीरातील कणांचा हिशेब कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या मापाने मांडला गेला हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्याच्या वतीने तो प्रश्न विचारणे हे या शास्त्राचेच कर्तव्य आहे. लाल, हॉल व टिपर यांनी कण हाती आणण्याची एक चांगली रीत दिली आहे. तिच्या उताऱ्याच्या शेजारी तुटीचा रकाना उघडणे, हे त्यानंतरचे काम आहे.